छायाचित्रातील विजापूर : एका ऐतिहासिक नगराच्या पुनर्भेटी आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि प्रवासवृत्ते यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. छायाचित्राला या यादीत स्थान मिळाले तरी ते बहुधा शेवटचे असते. ग्रंथ सजविण्यासाठी किंवा मजकुराला जोड म्हणून ते छापले जाते. त्याची साधन म्हणून चिकित्सा क्वचितच होते. भारतात छायाचित्रणाची कला १८४० च्या दशकात येऊन पोहोचली. म्हणजे या साधनाचे वय आता पावणेदोनशे वर्षांहून अधिक आहे. एवढ्या कालावधीत एकाच स्थळी पुन्हा पुन्हा जाऊन घेतलेल्या छायाचित्रांचे संच निर्माण झाले आहेत. असे संच इतिहासकाराला काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात विजापूर नगराच्या आधारे केला आहे.

विजापूरची निवड दोन कारणांनी केली आहे. पहिले कारण म्हणजे १८५५ पासून १९१६ पर्यंत या नगरात कॅमेरा वारंवार गेला आणि त्या भेटींचे फलित ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. दुसरे कारण कोकणच्या इतिहासाशी निगडित आहे. शिवकाळापूर्वी दक्षिण कोकणचा किनारा आदिलशाहीच्या अंमलाखाली होता. दाभोळ व राजापूर ही बंदरे विजापूरच्या परदेशी व्यापाराची द्वारे होती, तर वेंगुर्ल्यास १६३७ मध्ये डचांनी वखार उघडली ती आदिलशाही मुलखातच. मिठबाव, देवगड, आचरा, मालवण या पट्ट्याचा मध्ययुगीन इतिहास पाहणाऱ्या अभ्यासकाला म्हणूनच विजापूर परके वाटू नये. या नगराच्या छायाचित्रांतून मिळणारा बोध आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यालाही लागू पडतो, हे लेखाच्या उत्तरार्धात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

कॅमेरा येण्यापूर्वीचे विजापूर

पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूसुफ आदिलशहाने स्थापन केलेली आदिलशाही १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर संपुष्टात आली. राजधानीचे महत्त्व गेल्यानंतर नगराला उतरती कळा लागली. पुढे १७६० मध्ये विजापूर पेशव्यांकडे आले. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, इंग्रजांनी ते साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात ठेवले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ते कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. मुंबई इलाख्यातील हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला, तर २०१४ मध्ये नगराचे नाव अधिकृतपणे विजयपुर असे करण्यात आले.

हा क्रम येथे देण्याचे कारण असे की, पहिला कॅमेरा जेव्हा विजापुरात आला तेव्हा राजधानी म्हणून त्या नगराचा शेवट होऊन सुमारे १७० वर्षे लोटली होती आणि इंग्रजी अंमल येऊन केवळ सात वर्षे झाली होती. छायाचित्रकाराला दिसले ते आदिलशाहीचे विजापूर नव्हते. मोगल, पेशवे आणि सातारकर या तिन्ही राजवटींतून पार पडलेले ते नगर होते. छायाचित्रांखाली मात्र बहुधा इमारतीचे नाव व ती बांधणाऱ्या सुलतानाचे नाव एवढेच आले. मधला काळ त्या दोन ओळींतून गळून पडला.

पहिली भेट : १८५५

कॅप्टन थॉमस बिग्ज हा मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी होता. विजापूर, बदामी, ऐहोळे इत्यादी स्थळांची छायाचित्रे घेण्यासाठी १८५५ मध्ये त्याची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला लष्करी सेवेत परत बोलावण्यात आले आणि त्याच्या जागी वैद्यकीय खात्यातील डॉ. पिगू याची योजना झाली. पुढे पिगूचा १८५८ मध्ये मृत्यू झाला.

हा काळ मुंबई इलाख्यात छायाचित्रणाविषयीच्या उत्साहाचा होता. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली होती आणि एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत १८५५ मध्ये या कलेचा वर्गही सुरू झाला होता. मूळचे गोमंतकातील असलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचा संस्थेच्या कार्यात सहभाग होता. नारायण दाजी तर उत्तम छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. याचा अर्थ असा की, ही विद्या केवळ युरोपीय अधिकाऱ्यांपुरती मर्यादित नव्हती. ऐतिहासिक स्थळांच्या सरकारी कामगिरीवर मात्र लष्करी आणि वैद्यकीय खात्यांतील युरोपीय अधिकारीच नेमले गेले. विजापूरकडे कोणाच्या दृष्टीने पाहिले जाणार, हे या नेमणुकांनीच ठरविले.

बिग्जच्या साधनांचाही विचार आवश्यक आहे. तो कागदी निगेटिव्हवर काम करीत असे. या पद्धतीत प्रकाश घेण्यास बराच वेळ लागे. हलणारी वस्तू वा चालणारा मनुष्य अशा निगेटिव्हवर उमटत नसे, उमटलाच तर पुसट डागासारखा दिसे. परिणामी दगडी इमारती स्पष्ट आल्या आणि त्यांच्याभोवतीचा वावर चित्रातून नाहीसा झाला. या काळातील छायाचित्रांत विजापूर जवळजवळ निर्मनुष्य भासते. हे निर्मनुष्यत्व नगराच्या स्थितीचे द्योतक किती आणि रासायनिक प्रक्रियेचा परिणाम किती, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक चित्रासमोर विचारला पाहिजे.

ग्रंथरूप : १८६६

पश्चिम भारतातील वास्तुशिल्पविषयक समितीसाठी १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने विजापूरच्या वास्तुकलेवरील भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाला करसनदास माधवदास या मुंबईच्या धनिकाचा आश्रय होता. ऐतिहासिक वृत्तान्त मेडोज टेलर याने लिहिला आणि वास्तुविषयक टिपा जेम्स फर्ग्युसन याने दिल्या. चित्रे मात्र दोन प्रकारची होती. काही छायाचित्रे कर्नल बिग्ज व मेजर लॉक यांनी प्रत्यक्ष स्थळी घेतलेली होती; उरलेली कॅप्टन हार्ट, कमिंग आणि एतद्देशीय आरेखकांनी काढलेल्या रेखाचित्रांची छायाचित्रे होती.

या दुसऱ्या प्रकाराकडे सहसा दुर्लक्ष होते. कॅमेऱ्याने इमारतीचे दर्शन दिले, परंतु तिची रचना समजण्यासाठी मोजमापाचे आरेखन लागले. गोल घुमटाचे उदाहरण घेता येईल. या इमारतीच्या अंतर्भागाची बाजू सुमारे १३५ फूट असून एका घुमटाखाली १८,००० चौरस फुटांहून अधिक जागा आच्छादलेली आहे. रोममधील पँथिऑनच्या दालनापेक्षा हे क्षेत्र मोठे आहे, याकडे वास्तुतज्ज्ञांनी लक्ष वेधले. चौकोनी भिंतींवर हा गोल भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या योजनेने तोलून धरला आहे, हे आरेखनावरून उलगडते. छायाचित्रातून इमारतीची भव्यता जाणवते. तिचे कारण कळत नाही. ज्या एतद्देशीय आरेखकांनी हे कारण कागदावर आणले, त्यांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत. छायाचित्रकारांची आली.

हेन्री कझिन्स आणि पुनर्भेटींचा क्रम

विजापूरशी दीर्घकाळ संबंध राहिला तो हेन्री कझिन्स (१८५४–१९३३) याचा. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात तो जेम्स बर्जेसचा साहाय्यक म्हणून दाखल झाला, पुढे या विभागाचा प्रमुख झाला आणि १९१० मध्ये निवृत्त झाला. विजापूरमधील इमारती व अवशेषांवरील त्याच्या टिपा १८९० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत कोरीव लेखांची भाषांतरे एडवर्ड रेहाट्सेक याने केली होती. त्याने प्रवाशांसाठी नगराची मार्गदर्शिका लिहिली आणि १९१६ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत विजापूर व तेथील वास्तु-अवशेष यांवरील त्याचा बृहद्ग्रंथ आला. टिपा, मार्गदर्शिका व बृहद्ग्रंथ असे हे तीन टप्पे एकाच नगराकडे परत परत वळणाऱ्या अभ्यासकाची साक्ष देतात.

कझिन्सच्या काळापर्यंत तंत्र पालटले होते. कोरड्या काचा १८८० च्या दशकात प्रचारात आल्याने स्थळावरच रसायने लावून काच तयार करण्याची गरज उरली नाही. प्रकाश घेण्याचा काळ कमी झाला, अंतर्भागाची व तपशिलांची छायाचित्रे अधिक सुलभ झाली. रेल्वेमुळे विजापूरपर्यंतचा प्रवासही सुकर झाला. एकदा जाऊन जमेल तेवढे टिपून आणण्याऐवजी राहिलेले पाहण्यासाठी पुन्हा जाता येऊ लागले.

पुनर्भेटीचे खरे मूल्य येथे स्पष्ट होते. पहिल्या भेटीत छायाचित्रकार इमारत पाहतो. दुसऱ्या भेटीत त्याच्यासमोर इमारत आणि जुने चित्र अशा दोन गोष्टी असतात. या दोहोंतील अंतर हाच इतिहासाचा विषय होय.

दोन भेटींमधील नगर

१८५५ नंतरच्या तीन दशकांत विजापुरात मोठे स्थित्यंतर घडले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे १८८५ मध्ये कलादगीहून विजापूरला आले. अधिकाऱ्यांची निवासस्थाने आणि कचेऱ्या यांसाठी नव्या इमारती बांधण्याऐवजी जुन्या वास्तूंचा वापर करण्यात आला. अदालत महाल जिल्हाधिकाऱ्याचे निवासस्थान झाला, तर अर्श महालात सिव्हिल सर्जनची राहण्याची सोय झाली. एका मशिदीत डाक बंगला होता, तर दुसरीत टपाल कचेरी. गोल घुमटासमोरील नगारखान्यात १८९२ मध्ये वस्तुसंग्रहालय सुरू झाले.

त्यानंतर उलट दिशेने प्रवास सुरू झाला. प्राचीन स्मारक संरक्षण कायदा १९०४ मध्ये संमत झाला त्या वेळच्या भाषणात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने, विजापूरच्या एका मशिदीतून डाक बंगला आणि दुसरीतून टपाल कचेरीचे अवशेष आपण हलविल्याचा उल्लेख समाधानाने केला. जतनाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. इतिहासाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कचेरी हलली, मधल्या काळातील भिंती पाडल्या गेल्या, आवार मोकळे झाले आणि वास्तू पुन्हा ‘मूळ’ रूपात दिसू लागली. १८५५ पूर्वीची आणि १९०४ नंतरची स्थिती यांत बरेच साम्य दिसते. मधली वीस-पंचवीस वर्षे त्या वास्तूत माणसे राहत होती, पत्रे वाटली जात होती, याची खूण राहत नाही.

म्हणजे केवळ पहिले व शेवटचे छायाचित्र शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरू शकते. दोन टोकांच्या चित्रांवरून ‘काहीच बदलले नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असेल. मधल्या भेटींची चित्रे व सरकारी कागदपत्रे जोडली तरच खरा क्रम हाती लागतो.

छायाचित्राच्या मर्यादा

विजापूरच्या उदाहरणातून आणखी तीन मर्यादा समोर येतात.

पहिली मर्यादा अर्थाची. बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची कबर. छप्पर नसलेल्या उंच कमानींची रांग छायाचित्रात पाहिली की ती एखाद्या भव्य इमारतीची पडझड वाटते. वस्तुस्थिती अशी की ही इमारत पूर्णच झाली नाही. जे कधी बांधले गेलेच नाही आणि जे बांधून पुढे कोसळले, यांतील भेद कॅमेऱ्याला करता येत नाही. तो भेद लिखित साधनांवरून व बांधकामाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणावरूनच ठरतो.

दुसरी मर्यादा रंगाची आणि लेखाची. जामा मशिदीतील मिहराबाचे सोनेरी व रंगीत अलंकरण मुहम्मद आदिलशहाच्या काळात मलिक याकूत दाभोळी याने करविले, असे तेथील लेखावरून कळते. ‘दाभोळी’ हे नाव कोकणातील दाभोळ बंदराशी असलेला संबंध सुचविते. राजधानीच्या प्रमुख मशिदीतील सर्वांत नेत्रदीपक काम किनारपट्टीचे नाव लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून व्हावे, ही कोकणच्या अभ्यासकासाठी मोलाची माहिती आहे. कृष्णधवल छायाचित्रात सोन्याचा मुलामा केवळ करड्या छटेसारखा दिसतो आणि फारसी अक्षरे नक्षीत मिसळून जातात. लेख वाचणारा नसता तर चित्र मुकेच राहिले असते.

तिसरी मर्यादा अनुभवाची. गोल घुमटातील सज्जात एका बाजूला कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस ऐकू येतो. विजापूर पाहून परतलेला प्रवासी सर्वप्रथम हीच गोष्ट सांगतो. दीडशे वर्षांतील एकाही छायाचित्रात तो आवाज नाही.

या मर्यादांमुळे छायाचित्राचे मूल्य कमी होत नाही. इतर कोणत्याही साधनाप्रमाणे त्यालाही अन्य साधनांचा आधार लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हंपीशी तुलना

विजापूरच्या सुलतानाचा ज्या युद्धात सहभाग होता त्या १५६५ च्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगरचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये हंपीची छायाचित्रे मोठ्या आकाराच्या कागदी निगेटिव्हवर घेतली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९८३ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे छायाचित्रकार जॉन गोलिंग्ज यांनी ग्रीनलॉ ज्या जागी उभा राहिला होता त्याच जागा शोधून तीच दृश्ये पुन्हा टिपली. जॉर्ज मिशेल आणि जॉन फ्रिट्झ यांच्या विजयनगर संशोधन प्रकल्पाशी हे काम निगडित होते.

विजापूर व हंपी यांतील फरक पद्धतीचा आहे. विजापुरात अनेक जण आले, प्रत्येकाने आपल्याला योग्य वाटेल तेथून चित्र घेतले. हंपीत दुसऱ्या छायाचित्रकाराने पहिल्याचे स्थान, उंची आणि चौकट जाणीवपूर्वक स्वीकारली. त्यामुळे कोणता खांब कोसळला, कोणता भाग नव्याने उभारला, कोठे झाडी वाढली हे थेट वाचता येते. विजापूरच्या संचात भेटी अधिक असूनही अशी तुलना प्रत्येक वेळी शक्य होत नाही. पुनर्भेटींची संख्या जितकी महत्त्वाची, तितकीच स्थानाची शिस्तही महत्त्वाची ठरते.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी बोध

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या समूहातून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. या मान्यतेनंतर पर्यटकांची संख्या आणि दुरुस्तीची कामे या दोहोंत वाढ अपेक्षित आहे. म्हणजेच येत्या काही वर्षांत या वास्तूंचे रूप झपाट्याने पालटू शकते. विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग २०२० च्या पावसाळ्यात ढासळला होता. ढासळण्यापूर्वी त्या भागात भेगा केव्हापासून होत्या, भरतीचे पाणी कोठवर पोहोचत होते, याचे उत्तर तारीखवार छायाचित्रांतूनच मिळू शकते.

मालवणजवळील राजकोट येथील उदाहरण तारखेचे महत्त्व अधिक ठळक करते. तेथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. पहिला पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. त्या अवधीत त्याची असंख्य छायाचित्रे मोबाइलवर घेतली गेली असतील. तारीख व स्थान नोंदविल्याशिवाय पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ती लावताना अडचण येईल. आज चित्रांचा तुटवडा नाही, नोंदींचा आहे. बिग्जच्या मोजक्या कागदी निगेटिव्ह आज साधन ठरतात, कारण त्यांच्यामागे नाव, स्थळ आणि वर्ष आहे.

किनाऱ्यावर आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ओहोटीच्या वेळी घेतलेल्या चित्रात पुळण रुंद दिसते, भरतीच्या वेळी तीच अरुंद होते. श्रावणातील जांभ्याची भिंत शेवाळाने हिरवी असते, तीच चैत्रात तांबडी व कोरडी दिसते. दोन चित्रांतील फरक काळाचा आहे की केवळ ऋतूचा वा भरती-ओहोटीचा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक छायाचित्रासोबत तिथी, वेळ व भरतीची अवस्था नोंदविणे अगत्याचे आहे.

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी किल्ले, मंदिरे, जुनी बंदरे व बाजारपेठा यांतील काही जागा कायमच्या निश्चित कराव्यात, तेथून वर्षातून दोनदा एकाच चौकटीत छायाचित्र घ्यावे आणि त्याची नोंदवही ठेवावी. विद्यार्थी दर तीन वर्षांनी बदलतात. जागा आणि वही बदलू नये. विजापूरच्या चित्रांतून जी माणसे गळाली ती येथे गळू नयेत, यासाठी वास्तूभोवतीचा वावर, सिंधुदुर्ग किल्ल्यात राहणारी कुटुंबे, होड्या, दुकाने, जत्रा यांनाही चौकटीत स्थान द्यावे. छायाचित्रात येणाऱ्या व्यक्तींची संमती घेणे हेही या शिस्तीचाच भाग होय.

निष्कर्ष

विजापूरच्या सहा दशकांतील छायाचित्रांचे अवलोकन केले असता पुढील बाबी दिसून येतात. एक, सुटे छायाचित्र हे दर्शन असते. नोंदींसह झालेल्या पुनर्भेटींमुळे त्याचे साधनात रूपांतर होते. दोन, छायाचित्रात काय आले याइतकेच काय आले नाही आणि का आले नाही, हेही तपासावे लागते. त्यामागे तंत्र, नेमणूक आणि हेतू ही तीन कारणे संभवतात. तीन, दोन टोकांच्या चित्रांची तुलना मधल्या काळातील वापर झाकू शकते. चार, आरेखन, शिलालेख व कागदपत्रे यांच्या साहाय्यावाचून छायाचित्राचा अर्थ अपुरा राहतो.

आदिलशाही विजापूरची छायाचित्रे ज्यांनी घेतली ते दुरून आलेले अधिकारी होते आणि त्यांच्या दृष्टीला तेथील रहिवासी दिसले नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावरील वास्तूंची चित्रे घेण्याचे काम आज तेथेच राहणाऱ्यांच्या हाती आहे. ही संधी विजापूरच्या वाट्याला आली नव्हती.